बाबांना धरून तीन

त्या दुपारी टेबलावर तीन पुरुष होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण यजमानांच्या मते ते दोनच होते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनाव गावावरून आलेलं, आणि शनिवारी चूल पेटवायची नाही हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. माझे बाबा कुलाबा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते. तीस वर्षं त्यांनी तिथल्या आमच्या लहानशा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवली. आमचे जुने लोक त्या जागेला मशीदच म्हणायचे. आई गेल्यावर दोन वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, मी बाबांना सहा महिन्यांसाठी टेक्सासला बोलावून घेतलं.

आम्ही प्लेनोला राहत होतो. नवरा एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनियर होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, गाडी चालवायची नसते, म्हणून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर सिनेगॉग हवं, या एका अटीवर आम्ही भाड्याचं घर शोधलं होतं. सिनेगॉग म्हणजे एका दुकानांच्या रांगेतला हॉल. पंचवीस मिनिटांची चाल, फुटपाथ नाही, डोक्यावर ऊन. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली माणसं आमच्याकडे वळून बघायची, कारण तिथे पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस. बाबा काळी टोपी आणि कोट घालून त्या उन्हातून ताठ चालायचे. माझी सात वर्षांची मुलगी त्यांचं बोट धरून इंग्रजीत बडबडायची आणि ते मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचं छान चाललं होतं.

आमच्यापासून चार रस्ते पलीकडे एक डेंटिस्ट राहत होता. सिनेगॉगच्या कमिटीचा अध्यक्ष. आम्ही नवीन आलो तेव्हा त्याची बायको स्वतः घरी आली होती. कोशर, म्हणजे धर्माला चालणारं मांस कुठे मिळतं, ब्रेडवर कुठला शिक्का बघायचा, सगळं कागदावर लिहून दिलं होतं. मुलगी तापाने फणफणली तेव्हा तो आम्हाला स्वतःच्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. दोन वर्षांत त्यांनी आम्हाला सात-आठ वेळा शनिवारच्या दुपारी जेवायला बोलावलं. चांगली माणसं होती. मला अजूनही याचीच सगळ्यात जास्त चीड येते. वाईट माणसांचा राग धरणं सोपं असतं.

बाबा येऊन तीन आठवडे झाले होते. नवरा कामासाठी कॅलिफोर्नियाला गेला होता. शनिवारी प्रार्थना संपल्यावर डेंटिस्टची बायको म्हणाली, "तुम्ही एकट्या कशाला जेवता? वडिलांना घेऊन आमच्याकडे या." तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

टेबलावर डेंटिस्ट, त्याची बायको, ह्यूस्टनहून आलेला तिचा भाऊ, मी, माझी मुलगी आणि बाबा. डेंटिस्टने वाइनचा प्याला धरून किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद म्हटला. बाबांनी त्याच्याबरोबर पुटपुटत प्रत्येक शब्द म्हटला, फक्त चाल आपली कोकणातली. मग हात धुणं, ब्रेड, थंड कोंबडी, शुक्रवारपासून मंद आचेवर ठेवलेला बटाट्या-बीन्सचा दाट रस्सा. बाबांना तो रस्सा आवडला. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, जे ते परक्या घरी कधी करत नसत.

मेव्हण्याचा ग्लास रिकामा झाला. बाटली बाबांच्या जवळ होती. आपल्याकडे शेजारच्याचं रिकामं भांडं दिसलं की हात आपोआप जातो, तसा बाबांचा हात गेला. त्यांनी बाटली उचलून त्याचा ग्लास भरला.

"ओह, एक मिनिट," डेंटिस्ट म्हणाला. तो उठला, बाटली घेतली, मेव्हण्याच्या हातातून ग्लासही घेतला. "यात बुचाचा तुकडा पडलाय बहुतेक." स्वयंपाकघरात गेला आणि दुसरी बाटली, दुसरा ग्लास घेऊन आला. या वेळी बाटली त्याने स्वतःच्या उजव्या हाताशी ठेवली. मेव्हण्याने खाली ताटात बघितलं. बाबांनी टोपी सारखी केली.

मी ताटं उचलून आत नेली तेव्हा सिंकमध्ये वाइन ओतलेली दिसली. लालभडक. बाटली उलटी करून ठेवलेली. बुचाचा तुकडा कुठे नव्हता. मला विचित्र वाटलं, पण अजून नीट उमजलं नाही. उमजून घ्यायचं नव्हतं म्हणूनही असेल.

जेवणानंतरची प्रार्थना ही आमच्यात मोठी गोष्ट. एकट्याने जेवलात तर एकट्याने म्हणा. पण तीन पुरुषांनी एकत्र बसून भाकरी मोडली असेल, तर त्यातल्या एकाने बाकीच्यांना हाक द्यायची असते, की चला, ज्याचं अन्न खाल्लं त्याचे आभार मानू. बाकीचे त्याला उत्तर देतात. दोनच असले तर हाक नाही. बाबांनी खिशातून स्वतःची जुनी प्रार्थनेची वही काढली, सरसावून बसले आणि डेंटिस्टकडे बघत राहिले. पाहुण्याने हाक द्यायची पद्धत आहे. आपल्याला सांगतील असं त्यांना वाटलं असणार. गावी तीस वर्षं तेच हाक देत होते.

डेंटिस्टने मेव्हण्याकडे पाहिलं. "आपण दोघंच आहोत," तो हळू म्हणाला, "आपापलं म्हणू या." आणि डोळे मिटून थेट पुढची प्रार्थना म्हणायला लागला.

बाबांचं तोंड अर्धवट उघडं होतं, उत्तर द्यायला तयार. ते त्यांनी मिटलं. मग वही उघडली आणि खाली मान घालून मनातल्या मनात सगळं म्हटलं. मुलीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ग्रँडपा इज अ मॅन, राइट?"

मी तेव्हा उठायला हवं होतं. उठले नाही. जेवणाबद्दल थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूचा राग मला आजही येतो.

घरी आल्यावर बाबांनी टोपी काढली, पाणी प्यायले, खुर्चीत बसले.

"बाबा, त्यांनी तुम्हाला मोजलं नाही."

"कळलं मला."

"आणि ती वाइन त्याने सिंकमध्ये ओतली."

"तेही कळलं. परक्या धर्माच्या माणसाचा हात लागला की ती वाइन ज्यूंना प्यायला चालत नाही. बाटली उचलून नेली तेव्हाच कळलं."

"तरी तुम्ही जेवत राहिलात?"

"भरल्या ताटावरून काय उठायचं, पोरी?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, नियम नक्की काय आहे. असा नियम आहे हे मला माहीत होतं, का आहे हे कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी हेडमास्तरसारखं सांगितलं. जुन्या रब्बींनी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंनी, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. कुणाबरोबर जेवायचं, कुणाला त्या तिघांत धरायचं. काही विद्वान अडाणी माणसाला धरायला तयार नव्हते. तो धान्यातला देवाचा वाटा नीट काढतो की नाही कुणास ठाऊक, म्हणायचे. पण मग दुसऱ्यांनी म्हटलं, असं प्रत्येकाला बाहेर ठेवत गेलो तर प्रत्येकजण आपली वेगळी वेदी बांधून बसेल, आपसात वैर होईल. तेव्हा धरा त्यांना. शेजारचे शोमरोनी लोक तेच धर्मशास्त्र मानणारे, पण वेगळे पडलेले; त्यांच्यावर रब्बींचा पुरता विश्वास नव्हता. तरी एका काळी त्यांनाही जेवणात मोजत होते.

"मग हा डेंटिस्ट त्यांच्यापेक्षा शहाणा का?"

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तू तिथे भांडायला जाऊ नकोस."

"का नको?"

त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुला आपला सुतार आठवतो?"

आठवत होता. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. सुतार माझ्या बाबांपेक्षा उजळ होता. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बाहेरच्या समाजातली आई आली, ते काळे. सिनेगॉगचे बाक तो दुरुस्त करायचा आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा. किद्दुशनंतर वाइनऐवजी मनुकांच्या सरबताचा प्याला सगळ्या पुरुषांत फिरायचा आणि त्याच्या बाकाआधी परत वळायचा. सणाला मलिदा वाटायचे तेव्हा त्याच्या पानावर वरून टाकायचे, हात लागणार नाही असा. आमच्या घरी मागच्या दाराबाहेर खिळ्याला एक इनॅमलची ताटली आणि कानाचा पेला अडकवलेला असे. तो काम करायला आला की त्यात जेवायचा. नंतर मी लांबून पाणी ओतून ते धुवायची. सात-आठ वर्षांची असेन. माझ्या मुलीएवढी.

"तो प्याला मीच परत वळवायचो," बाबा म्हणाले. "त्याने कधी काही म्हटलं नाही. आज मला कळलं, तो काय करत होता. तो खाली बघत होता."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, आणि या वेळी तो बाबांचा.

"म्हणजे तुम्ही त्याला बाहेर ठेवलंत, म्हणून माझ्या मुलीसमोर तुम्हाला कुणी बाहेर ठेवलं तर मी गप्प बसायचं? सुताराला न्याय मिळाला का त्याने? त्याला कळलं तरी का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?"

मी रविवारी सकाळी डेंटिस्टच्या घरी गेले.

त्याने मला बसायला सांगितलं. मी उभी राहिले. विचारलं, "माझे वडील ज्यू नाहीत असं तुम्हाला वाटतं का?"

"हे पर्सनल नाही," तो म्हणाला. "ते सज्जन गृहस्थ आहेत. पण तुमच्या समाजाच्या लग्नांबद्दल, घटस्फोटांबद्दल काही रब्बींनी शंका काढल्या आहेत. तुम्ही नाही आहात असं मी म्हणत नाही. खात्रीने आहात असं म्हणू शकत नाही, एवढंच."

"तुमच्या मेव्हण्याची पणजी कोण होती?"

"काय?"

"त्यांना मोजलंत ना. त्यांच्या पणजीचं लग्न कुणी लावलं, तुम्हाला माहीत असेल."

त्याने पुन्हा खुर्चीकडे हात केला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "एक साधा विधी आहे. धर्मस्नान. तीन माणसांसमोर पाण्यात एक बुडी. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही सगळ्यांनी केलं तर पुन्हा कधी प्रश्न येणार नाही."

"ते परधर्मातून आलेल्यांसाठी असतं."

"फक्त शंका राहू नये म्हणून."

मी त्याला बाबांनी सांगितलेलं शोमरोनी लोकांचं सांगितलं. त्याला ते माहीत होतं. "ते नंतर बदललं," तो म्हणाला. "नंतर त्यांना धरणं बंद केलं."

"कुणी बंद केलं? तुमच्यासारख्यांनीच ना?"

माझा आवाज चढला होता. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती. मला एकदम एक गोष्ट सुचली. मी विचारलं, "दोन वर्षं माझा नवरा या टेबलावर जेवला. तेव्हा तर तुम्ही हाक देत होतात. मी स्वतः ऐकली आहे."

तो बायकोकडे बघायला लागला. उत्तर तिने दिलं, तेही माझ्याकडे न बघता. "तुम्हाला बोलवायचं असलं की आम्ही आणखी दोघांना बोलवायचो. म्हणजे तुमच्यावाचून तीन होतील."

सात-आठ जेवणं. प्रत्येक वेळी टेबल भरलेलं. किती अगत्यशील माणसं, असं मी गावी पत्रात लिहिलं होतं. तिथे उभ्या उभ्या मला ते एकेक जेवण आठवलं आणि प्रत्येक घास कडू झाला. या वेळी मोजणी चुकली ती फक्त बाई नवऱ्याला न विचारता चांगलं वागली म्हणून.

सोमवारी मी सिनेगॉगच्या रब्बींना फोन केला. तरुण होते, माझ्यापेक्षा लहान. ते लगेच म्हणाले की मोठमोठ्या रब्बींनी तुम्हाला मान्यता दिली आहे, माझ्या मनात काडीची शंका नाही.

"मग हे त्यांना सांगा."

"त्यांच्या घरच्या टेबलावर त्यांनी काय करावं हे मी कसं सांगू?"

"सिनेगॉगमध्ये सांगा. शनिवारी, सगळ्यांसमोर."

"त्याने वाद वाढेल. लोक आताच कुठे एकत्र येताहेत."

"आम्ही लोक नाही का?" मी विचारलं. ते म्हणाले, मी यावर विचार करतो. ते अजून विचार करत असतील.

नवरा परत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इश्यू करू नकोस यार. अर्ध्या तासाचं काम आहे तर करून टाकू. उद्या पोरीच्या लग्नाच्या वेळी कुणी कागद मागितला तर? आपल्याला इथेच राहायचंय, अ‍ॅडजस्ट करून घ्यावं लागतं." आमचं त्यावरून जे भांडण झालं ते आठवडाभर पुरलं. शेवटी त्याने बाबांना विचारलं, तुमचं काय मत आहे. बाबा भाजी निवडत होते. म्हणाले, "मी साठ वर्षं रोज शेमाची प्रार्थना म्हणतोय. आता पाण्यातून वर आल्यावर मग त्याआधी मी कोण होतो असं धरायचं?" आणि पुन्हा भाजी निवडायला लागले. नवऱ्याने तो विषय सोडला. पण तो सिनेगॉगला जात राहिला, आणि मी जाणं सोडलं.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही घरीच जेवलो. बाबांनी आदल्या दिवशी मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून सरबत केलं होतं. जेवण झाल्यावर बाबा आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागले. दोघंच. हाक देता येत नव्हती. चार रस्ते पलीकडे डेंटिस्टकडेही त्या वेळी बहुधा असंच तिसऱ्यावाचून अडलं असेल.

"मी आहे की," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. "मी पण तीच भाकरी खाल्ली."

"बायकांना पुरुषांच्या तिघांत धरत नाहीत," बाबा म्हणाले. "तीन बायका असतील तर त्यांनी आपसात हाक दिलेली चालते."

"मला आयुष्यात कधीच मोजलं नाही तुम्ही. त्याचं काय?"

बाबांनी वही मिटली. "कधी डोक्यात आलं नाही," ते म्हणाले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि म्हणूनच मला आणखी चीड आली. मी उठून भांडी गोळा केली. प्रार्थना त्यांनी आपापली म्हटली.

बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, साडेचार महिन्यांत परत गेले. गावी पोचल्यावर महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. हवापाणी, आंब्याचा मोहोर, आणि मग मध्येच चार ओळी. सुतार आधीच वारला होता, हे त्यांना ठाऊकच होतं. ते त्याच्या मुलाच्या घरी गेले होते. त्याला म्हणाले, या शनिवारी पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बस, प्याला तुझ्याकडून फिरू दे. मुलाने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. म्हणाला, "गुरुजी, आम्ही आता तिकडे येत नाही. आमचं आम्ही घरी करतो." बाबांनी लिहिलं होतं, चहा घेतला आणि परत आलो. त्यांनी त्याच्याबद्दल तक्रार केली नव्हती. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला त्या मुलाचं बरोबर वाटलं.

बाबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये डेंटिस्ट भेटला. मी गाडीत पिशव्या ठेवत होते. मुलगी शेजारी उभी होती, आता नऊ वर्षांची. तो लांबून हात हलवत आला. म्हणाला, "तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला कधीपासून सांगायचं होतं. मी न्यूयॉर्कच्या एका फार मोठ्या रब्बींना पत्र लिहून विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला धरायला काही हरकत नाही. तेव्हा आता पुन्हा यायला लागा. कधीही या."

त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. त्याने खरंच मेहनत घेतली असणार, पत्र लिहिलं असणार, उत्तराची वाट पाहिली असणार. मी म्हटलं, "मला तुमच्याकडे जेवायचं नाही." एवढंच. त्याला आणखी काहीतरी अपेक्षित असावं. तो बायकोला नमस्कार सांगतो असं काहीसं बोलून गेला. नमस्कार मी सांगितलाच नव्हता.

गाडीत मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट वॉज सो रूड. ही सेड सॉरी."

"तो सॉरी म्हणाला नाही. परवानगी मिळाली म्हणाला."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. वाइन, तीन पुरुष, सात-आठ जेवणं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला; माझ्यासारखाच तिचाही राग चेहऱ्यावर येतो. ती म्हणाली, ते लोक भयंकर आहेत, ग्रँडपाने असं कुणाशी कधीच केलं नसतं.

मी थांबू शकले असते. मग तिला ती इनॅमलची ताटली सांगितली, आणि ती कोण धुवायचं तेही.

ती उठून आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.